बाबांच्या घड्याळातला मळ

आधीच सांगते, आत्मा-बित्मा ऐकलं की मला हसूच यायचं. माझी नोकरी क्वालिटी चेकिंगची, पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. त्यात घाणीचा भयंकर तिटकारा. नवरा म्हणतो, तुला सॅनिटायझरमध्येच बुडवून ठेवायला हवं.

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि गुरुग्रामला आमच्याकडेच राहिले. त्यांचं एक चावीचं, स्टीलच्या पट्ट्याचं मनगटी घड्याळ होतं. रोज सकाळी आधी घड्याळाला चावी, मग चहा. मागच्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून हे काम आईने घेतलं. चावी दिल्याशिवाय तीही चहाला तोंड लावायची नाही.

दिवाळीनंतर घड्याळ बंद पडलं... आणि आईचा चहाच सुटला. मग नाश्ता. "भूक नाही गं," एवढंच. आठ दिवसांत ब्लाउज अंगावर ढगळ दिसायला लागले.

मॉलमधल्या शोरूममध्ये गेले, तर सेल्समन विचारतो, "मॅम, इसमें बैटरी कहाँ डलती है?" डोकंच फिरलं. शेवटी दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याचा पत्ता दिला.

दुकान कसलं, जिन्याखालचं खोपटं! तोंडात गुटखा, पायाशी थुंकायचा डबा, नखं काळी. बाबांचं घड्याळ, एवढं सांगून मी पर्स छातीशी धरून उभी. त्याने डोळ्याला भिंग लावलं, पट्टा काढला आणि मशीनला हात घालायच्या आधी सुईने कडेचा मळ कोरायला लागला. काळा, चिकट... बाबांच्या घामाचा, कातडीचा, तेलाचा. चण्याएवढा गोळा निघाला. तासाभरात घड्याळ चालू झालं, तेव्हा या माणसाने तो गोळा कागदाच्या पुडीत बांधून चक्क माझ्या हातात दिला!

"उनके हाथ का है, बेटी. फेंकना मत."

"छी! ये कोई रखने की चीज़ है?"

बाहेर पडल्या पडल्या पुडी नालीत टाकली. मेट्रोत बसेपर्यंत तीनदा हात सॅनिटाइझ केले.

घरी आईने घड्याळ कानाला लावलं, मग नाकाला.

"याला वास नाही," ती म्हणाली. "काय केलंस गं?"

"स्वच्छ करून आणलंय, आई. चालू झालंय ना? मग झालं तर."

तिने ते पालथं ठेवून दिलं. चावी नाही, चहा नाही. पुडीचं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी उठले, तर आई चहात खारी बुडवून खात बसलेली. "आला वास," म्हणाली. मी घड्याळ पाहिलं. कडांमध्ये मळ. काळा आणि ओला! शी! आधी वाटलं, आईच घालत असेल. पण तिच्या हातात ते थेट कोपरापर्यंत जातं. मी स्पिरिटने खसाखसा घासलं, डब्यात घातलं, डबा माझ्या कपाटात आणि किल्ली पर्समध्ये. आईने पुन्हा चहा सोडला. चार दिवसांनी डबा उघडला तर... तोच मळ. खोबरेल तेल आणि घाम, तोच वास.

तणतणत पहाडगंज गाठलं. आता तुम्हाला वाटेल दुकान गायब झालं असेल. बिल्कुल नाही — दुकान तिथेच, म्हातारा तिथेच, गुटखाही तोच. त्याने भिंगातून पट्टा पाहिला.

"रोज़ पहनी जा रही है."

"कोई नहीं पहनता!"

तो डब्यात थुंकला. "पुड़िया फेंक दी थी ना?"

मी घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

या सगळ्याचा अर्थ काय, मला आजही माहीत नाही. डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, तिने दमट हवा सांगितली. कुलूपबंद कपाटात, दिल्लीच्या थंडीत? चलो, मान लिया. घड्याळ आता आईच्या उशाशी असतं, मी पुसत नाही. बघितलं तरी मला मळमळतं, खोटं कशाला सांगू.

गेल्या रविवारी आईची बोटं दुखत होती, म्हणून चावी द्यायला तिने घड्याळ माझ्या हातात दिलं. अंगठ्याला मळ लागला. ओला आणि कोमट. ई! तशीच बेसिनकडे धावले, नळ सोडला... आणि अंगठा नाकाशी नेला.

संध्याकाळपर्यंत मी हात धुतला नाही.