मणीला नेमकं कुठे सोडलंत?

गेल्या गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, अड्यारमधल्या आमच्या नेहमीच्या कॅफेच्या पायरीवरून मणीला उचलून टेम्पोत कोंबलं. मी काचेच्या आत बसले होते... समोर कॉफी, आणि शेजारच्या टेबलावर एका गोल्डन रिट्रीव्हरचा वाढदिवस.

मणी रस्त्यावरचा कुत्रा. तपकिरी, म्हातारा, नसबंदीवाले कापतात तसा डावा कान थोडा कापलेला. कॅफेच्या जागी शिंप्याचं दुकान होतं, तेव्हापासून ती पायरी त्याची.

आधीच सांगते, मी श्वानप्रेमी वगैरे नाही. माणसं जेवतात तिथे कुत्री नकोत, हे माझं मत आजही कायम आहे. कॅफेने 'पेट फ्रेंडली' अशी पाटी लावली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. खुर्चीवर बसून केक खाणारं जनावर पाहिलं की मला आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियर आठवतात. त्यांनी कुत्र्याला काही केलं नसतं... त्याच्या मालकिणीला मात्र कोपऱ्यात उभं केलं असतं.

मणी कधीच आत आला नाही. कोणी बोलावलं तरी नाही. मॅनर्स होते त्याला.

आता तुळजाक्काबद्दल. तुळजाक्का माझी मैत्रीण, तंजावरकडची. तिचं मराठी जुनं, तमिळच्या हेलाचं, ऐकत राहावं असं. डोळे आता जवळजवळ गेलेत, समोरचं थोडं धूसर दिसतं, बाजूचं काहीच नाही. मुलं परदेशात. दिवसातून एकदा ती घराबाहेर पडायची, ती या कॅफेत माझ्यासोबत कॉफी प्यायला.

घरी परतताना मणी तिच्याबरोबर चालायचा, रस्त्याच्या बाजूने, थेट तिच्या फाटकापर्यंत. कोणी शिकवलं नव्हतं. तिने पदराच्या गाठीत आणलेलं बिस्किट फाटकाशी मिळायचं, एवढाच करार. आमच्याकडचे स्कूटरवाले म्हातारीसाठी वेग कमी करत नाहीत. कुत्र्यासाठी करतात... तो आडवा आला तर स्वतः पडतील म्हणून.

तर गुरुवारी आत 'हॅपी बर्थडे' चालू होतं आणि बाहेर मणी केकाटला. अक्काने कप खाली ठेवला. "मणी का वरडतो गे?"

मी दारापर्यंत पोचले तोवर टेम्पो वळला होता. मॅनेजर मुलगी हसतमुख. "आंटी, नो टेन्शन. आमच्या गेस्ट्सच्या पेट्सना तो ॲग्रेसिव्ह वाटतो."

"वाटतो? त्या पेट्सनी तक्रार लिहून दिली का?"

"आंटी, प्लीज... वी लव्ह ॲनिमल्स. त्याला एका छान शेल्टरमध्ये पाठवलंय."

शेल्टरचं नाव विचारलं तर तिला आठवेना. मेसेज केला, तर उत्तरात पंजाचं चित्र आलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर पंजा आणि बदाम. पत्र लिहिणाऱ्याला उत्तर द्यावं, एवढं शिकवायला आता शाळांना वेळ नसावा.

शेवटी शुक्रवारी तोच टेम्पोवाला दुधाचे क्रेट उतरवायला आला, तेव्हा त्याला गाठलं. बिचारा खाली बघत म्हणाला, "अम्मा, गुम्मिडिपूंडीला माल टाकायचा होता. वाटेत फॅक्टरीपाशी दार उघडलं, तो उडी मारून पळाला." कुठली फॅक्टरी? कुठला रस्ता? "मॅडमना त्या जागेचा फोटो पाठवलाय, त्यांना विचारा. मला बोलायला मनाई आहे."

म्हणजे शेल्टर नाहीच. म्हणजे मॅडमकडे फोटो आहे, जागा माहीत आहे, आणि मला पंजे पाठवताहेत.

शनिवारी टॅक्सी करून गेले, शहराबाहेर दोन तास. गुम्मिडिपूंडीची औद्योगिक वसाहत केवढी पसरलेली आहे, ते गेल्याशिवाय कळत नाही. एका गेटपाशी उतरून "मणी!" अशी हाक मारली, तर तीन कुत्री धावत आली. या राज्यात दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणी... आमचा त्यांत नव्हता. ड्रायव्हर हसला, मग माझं तोंड बघून त्याने टॅक्सीचं दार उघडलं.

अक्काला खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तिथं त्याला कोण जेवूं घालील?" मी म्हटलं, मी रोज येते तुला न्यायला. तर म्हणाली, "तू मोठी माणूस, तुला कोण स्कूटरवाला भितो? घरीच बरं."

तेव्हापासून ती बाहेर पडलेली नाही. संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसते. पदराला गाठ असते.

कुत्र्यांना हॉटेलात घ्यावं की नाही, यावर खुशाल वाद घाला. मी विरुद्ध बाजूला आहे, तिथेच राहीन. पण प्राण्यांवरच्या प्रेमाची पाटी लावायची आणि पायरीवर निमूट बसलेल्या जनावराला गावाबाहेर टाकून यायचं, याला काय म्हणतात ते मला चांगल्या घरात वाढल्यामुळे लिहिता येत नाही.

ही पोस्ट मराठीत टाकतेय, कारण आपल्यातली काही मुलं गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत कामाला आहेत. बाबांनो, गेटपाशी जरा बघा. तपकिरी, म्हातारा, कापलेला डावा कान. बिस्किट घेऊन तो पळून जाणार नाही, तुमच्या बाजूने चालू लागेल... त्यावरून ओळखा.

आणि कॅफेच्या मालकांना, ज्यांना हाच मजकूर इंग्रजीत पाठवला आहे: क्षमा नको, फ्री कॉफी नको, चित्रं तर नकोतच. मणीला कुठल्या रस्त्यावर, कुठल्या गेटपाशी सोडलंत, ते शब्दांत लिहून, खाली सही करून, येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांच्या आत मला द्या. फाटकाशी एक बाई बसलेली आहे.