गुण्यासाहेबाचं सपाट घर

गुण्यासाहेबाला मराठीतला पहिला शब्द आला तो ‘कशाला’. आमच्या वृंदावनावर कोरलेले हत्ती बघून त्याने विचारलं, “हत्ती कशाला?” माझ्या नाकातली नथ बघून विचारलं, “मोती कशाला?” सासूबाई माजघरातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अगो, मेल्याला विचार, तू तरी कशाला?” हे मी त्याला सांगितलं नाही, पण सांगितलं असतं तर तो मनापासून हसला असता. त्याला असलं बोलणं आवडायचं.

तो पोलंड देशाचा. मुंबईला एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा. तिथल्या एका गुजराती कापडवाल्या शेठनी किहीमच्या आपल्या नारळीच्या वाडीत समुद्राकडे तोंड करून बंगला बांधायचा ठरवला आणि हा गोरा तरुण बोटीने मांडव्याला उतरून बैलगाडीने आमच्या दारात आला. आमचे हे शेठचे दिवाणजी, म्हणून आमचं घर वाडीतच. पाठीमागच्या खोलीत साहेब राहायला लागला. त्याच्या खऱ्या नावात इतकी जोडाक्षरं होती की ते कुणाच्या तोंडात बसेना. पण गवंड्यांचा तो लोखंडी गुण्या, कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायचा, त्याच्या हातात अष्टौप्रहर असायचा. भिंतीला लावून बघायचा, दाराला लावून बघायचा. एकदा सासूबाईंच्या जपाच्या पाटाला लावून मान हलवली. पाट तिरका निघाला. बारकी नावाची आगरी बाई कामावर पाणी भरायची. तिने त्याला गुण्यासाहेब म्हटलं आणि तेच कायम झालं.

मराठी तो ह्या कामावरच्या माणसांकडून शिकला आणि अस्सल आगरी बोलायला लागला. सुटाबुटातले शेठ मुंबईहून आले की हा त्यांना म्हणायचा, “शेट, तुमाला यातला काय कलतं काय? नाय ना? मंग गप बसा.” ह्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नसे. बारकी गवंड्यांशी असंच बोलायची आणि गवंडी तिचं ऐकायचे, मग शेठने का ऐकू नये? शेठ रागाने लाल व्हायचे आणि आमचे हे खांबाआड तोंड फिरवून हसू दाबायचे.

‘कशाला’चं मूळ आम्हाला पुढे कळलं. साहेब ह्यांच्याशी इंग्रजीत बोलायचा आणि हे मला सांगायचे. त्याचा बाप डोंगरातला सुतार. लाकडी घरांच्या तुळयांवर फुलं, सूर्य, पानं कोरायचा. तेव्हा त्यांच्या देशाचे तीन राजांनी तीन तुकडे केले होते आणि शंभर वर्षांवर नकाशात पोलंड हे नावच नव्हतं. मग लोकांनी काय करावं? घरांवर आपली फुलं कोरावी, म्हणजे आपण कोण हे पोरांना विसरायला होणार नाही. “बाप फुलं कोरायचा तो बंडच करायचा,” असं साहेब म्हणाला. “पण आता देश आमचा झाला. आता कामगाराच्या खोलीत ऊन यायला हवं, पोरांना शाळा हवी, साधी बळकट खुर्ची हवी. आता फुलं कशाला?” त्याच्यासारख्या पोरांनी तिकडे सगळंच नव्याने करायला घेतलं होतं म्हणे, घरं, चित्रं, कपबश्या, पुस्तकांवरची अक्षरंसुद्धा. त्याने स्वतः राजधानीच्या शहरात गिरणीकामगारांसाठी एक चाळ बांधली होती. ती एक आणि किहीमचं हे दुसरं, एवढीच त्याच्या हातची घरं. ह्यांना मात्र तो जाता जाता विचारायचा, “तुमचा देश तुमचा झाल्यावर तुम्ही कसल्या घरात राहणार?” हे हिशेबाच्या वहीत डोकं घालायचे.

शेठच्या बंगल्यात त्याने स्वयंपाकाला उभा ओटा केला. सासूबाईंनी ऐकूनच कपाळाला हात लावला. “उभ्याने रांधायचं? अन्नपूर्णा का मिलिटरीत आहे?” मी एका दुपारी कुणी नसताना तिथे गेले आणि ओट्याशी उभी राहिले. समोरच्या लांबलचक खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता. लग्न होऊन किहीमला आल्यापासून रांधताना मी चुलीपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. साहेब दारात कधी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. तो म्हणाला, “वयनी, उंची बराबर हाय ना?” मी मान हलवली आणि पळाले.

सगळं भांडण छपराचं होतं. साहेबाने घर पांढरंशुभ्र, चौकोनी केलं आणि वर सपाट गच्ची. कौलं नाहीत, उतार नाही. शेठनी आपली हौस म्हणून मंगलोरी कौलं कधीच मागवून वाडीत रचून ठेवली होती. एक दिवस आमच्या ओटीवर बसून ते ह्यांना म्हणाले, “दिवाणजी, घर एकदम बोडका दिसते. अपशकुनी.” आत सासूबाई होत्या, विधवेच्या लाल आलवणातल्या, केस उतरवलेल्या. शेठनी जीभ चावली. सासूबाईच दारात आल्या. “बोडकं म्हणून घर कुणी टाकून देत नाही, शेठजी,” एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून साहेबाच्या ताटात लोणच्याची फोड वाढली. जेवायला तो बाहेर पडवीतच बसायचा, ते काही बदललं नाही.

शेठनी शेवटी तोड काढली. एक पावसाळा बघू, गच्ची गळली की कौलं चढवू. साहेब कबूल झाला. त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्याच्या देशात नव्या घरांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात हे घर लागलं तर त्याला तिकडे काम मिळणार होतं, मानाने परत जाता येणार होतं. म्हणून पावसाच्या आत फोटो निघायला हवे होते. फोटोवाल्याला आणायला तो मुंबईला गेला.

आमच्याकडे वैशाख सरायला लागला की नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून घराच्या भिंतींना बाहेरून बांधतात, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारा पाऊस भिंती खात नाही. साहेब परदेशी, त्याला हे काय ठाऊक? बारकीने माणसं गोळा केली. साहेब मुंबईला असताना सगळ्यांनी मिळून त्या पांढऱ्या घराला चारी बाजूंनी, खिडक्यांसकट, जमिनीपासून गच्चीपर्यंत झाप बांधून टाकले.

साहेब फोटोवाला घेऊन आला, शेठही बरोबर. घर दिसेना. झावळ्यांचा एक प्रचंड ढीग दिसत होता. शेठना इतका आनंद झाला की ते टाळ्या वाजवायला लागले. “आता घर लागते! आता लागते!” साहेबाने शिडी घेतली आणि झाप ओरबाडून खाली फेकायला लागला. त्याला असं रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

बारकी शिडीखाली जाऊन उभी राहिली. “ए साहेबा! माझे पोराचे घराला आजून एक झाप लावला नाय मी. पयले तुझे घराला बांधला. आनि तू फेकतंस?”

साहेब शिडीवर थांबला. सवयीने तोंडातून निघालं, “कशाला बांधला?”

“कशाला म्हंजे? पावसात उगरा ठेवू तुझा घर?”

त्याने हातातल्या झापाची वीण बोटाने चाचपली. मग खाली उतरला, फेकलेले झाप उचलले आणि बारकीच्या हातात देऊन म्हणाला, “बांध.” फोटोवाल्याला त्याने तसेच फोटो काढायला लावले. एका खिडकीवरचा झाप मात्र काढून घेतला. झावळ्यांच्या त्या भिंतीत ती लांब सरळ खिडकी आणि वर गच्चीची सरळ रेघ, एवढंच घर दिसत होतं. मला ते फार सुंदर वाटलं.

त्या पावसाळ्यात सगळं किहीम गच्ची गळायची वाट बघत होतं. गळली नाही. दसऱ्याला झाप सोडले तर आतून भिंती नुकत्या चुना दिल्यासारख्या निघाल्या. शेठनी कौलांचा विषय तेवढ्यापुरता मिटवला, पण कौलं हलवली नाहीत. फोटो प्रदर्शनात लागला आणि तिकडून साहेबाला बोलावणं आलं. त्याने फक्त उड्या मारायच्या बाकी ठेवल्या होत्या. निघताना सासूबाईंना लांबून नमस्कार केला. त्यांनी पायरी उतरून त्याच्या हातात नारळ दिला. मला म्हणाला, “वयनी, ओटा बांधून घ्या.” बारकी जेट्टीपर्यंत गेली होती. बोट दिसेनाशी होईस्तोवर शिव्या देत होती, म्हणजे रडत होती. हे एकोणचाळीस सालच्या उन्हाळ्यात.

पावसाळा सरता सरता लढाईची बातमी आली. त्याची चाळ होती त्या राजधानीच्या शहरावर विमानांतून बाँब पडत होते, आग लागली होती. हे पेपर वाचून दाखवायचे आणि सासूबाई जप थांबवून ऐकायच्या. दिवाळीच्या सुमारास शेठ आले. ओटीवर न येता सरळ कौलांच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, साहेब निघून गेला, आता शेठ कौलं चढवणार. मी पदर खोचून बाहेर आले. भांडायचं ठरवूनच आले होते.

शेठ म्हणाले, “वहिनी, ही कौलं गाववाल्यांना वाटून टाका. ज्याला पाहिजे त्याला.”

“आणि बंगल्याला?”

“त्याने तिकडे एक चाळ बांधलेली ना? ती काय राहिली असेल? आता ह्या माणसाचा दुनियेत एकच घर.” त्यांनी वरचं एक कौल उचलून पुन्हा ढिगावर ठेवलं. “त्याच्यावर मी कौलं घालू?”

मग आम्ही गच्चीबद्दल बोललो, वैशाखात झाप कुणी विणायचे ते ठरवलं, खारं वारं लागून खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्यात ते मी त्यांना दाखवलं. साहेबाचं काय झालं असेल, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही घराबद्दलच बोलत राहिलो.