मिरचीच्या पोत्याला टेकलेली गाडी

गाडीखाली माणूस गेला की बाहेर त्याचे फक्त पाय उरतात. उस्तादांचे पाय मी वर्षानुवर्षं बघत आलो. अंगठा हलत असला की काम सुरळीत चाललंय, टाचा जमिनीत रुतल्या की नट अडकलाय. दोन्ही पाय ढिले पडले की मात्र मला घाम फुटायचा. मी हाक मारायचो, "उस्ताद?"

खालून आवाज यायचा, "जिंदा हूं, भाई. पाना दे."

मला भीती फार लवकर वाटते. आभाळ स्वच्छ असलं तरी वाटते. म्हणून उस्तादांनी माझं नाव हवामान खातं ठेवलं होतं. सकाळी गॅरेजचं शटर वर करताना गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "बोला हवामान खातं, आज काय काय कोसळणार?" शेजारचा रिक्षावाला हसायचा, मीही हसायचो. त्यांचं बोलणं मला लागत नसे. लागलं असतं तरी चाललं असतं.

मी मूळचा गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि तांदळाच्या ट्रकवर क्लीनर झालो. क्लीनरचं अर्धं काम दगडाचं. घाटात गाडी थांबली की उडी टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. ड्रायव्हर ब्रेकवर विसंबत नाही एवढा त्या दगडावर विसंबतो. सुरतेला जाताना नंदुरबारात मला काविळीने गाठलं. ड्रायव्हरने मला उस्तादांच्या गॅरेजमधल्या बाकड्यावर आडवं केलं, "परतताना नेतो" म्हणाला, आणि परतताना दुसऱ्याच रस्त्याने निघून गेला. उस्तादांनी मला घरी नेलं. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मी उठून बसेपर्यंत आधी माझा पातळ भात वाढला आणि मग स्वतःच्या पोरांची ताटं घेतली. पुढे उस्तादांनी हाताला काम दिलं, डोक्यावर पत्रा दिला. हे तोंडाने त्यांना कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

तर ती गाडी. लोणखेड्याच्या एका घरची होती. लाल, दोनच माणसांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे हौदात उतरायचं. घरच्या मुलाने हौसेने सुरतेहून जुनी उचलून आणली होती. मिरची-पपईची शेती करणारा, माझ्याच वयाचा गडी. वळणावर गाडीच्या मागून कट-कट आवाज यायचा. उस्तादांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, मागच्या चाकांना फिरवणारे दोन्ही एक्सल खलास. काढावे लागतील. गाडी नंदुरबारला आणायची म्हणजे प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडणार. तेव्हा ठरलं, त्यांच्या अंगणातच काम करायचं. आम्ही हत्यारं टेम्पोत टाकून सकाळी सकाळी पोचलो.

अंगण मोठं, नवी गुळगुळीत फरशी, आणि पावसाचं पाणी जावं म्हणून ओट्यापासून फाटकाकडे उतार. गाडीचं तोंड फाटकाकडे. तो उतार मी आल्याआल्याच हेरला. मी पाणीसुद्धा न पिता कुंपणाजवळचे दोन चांगले दगड उचलून आणले.

गाडीच्या मालकाची आई ओट्यावरून अहिराणीत ओरडली, "दगड नको लावू रे भाऊ! नवी फरशी शे मन्ही, वरखडे पडतीन."

"मावशी, गाडी उतारावर आहे."

"मग हाई पोतं लाव ना. चांगलं भरेल शे."

ओट्यावर बाजाराला जायची वाळल्या मिरचीची पोती रचलेली होती. उस्तादांनी घरच्या वडीलधाऱ्या बाईचा शब्द कधी मोडलेला मी पाहिला नाही. शिवाय आमच्या नंदुरबारात मिरचीच्या पोत्यावर माणसं बसतात, झोपतात, त्याला टेकून पत्ते खेळतात. पोत्यावर कुणी संशय घेत नाही. त्यांनी गुडघ्याने एक पोतं दाबून पाहिलं. टणक होतं.

"उस्ताद, दगडच बरा," मी म्हणालो.

"पोतं तुझ्यापेक्षा भरलेलं आहे, हवामान खातं. लाव."

पुढच्या दोन्ही चाकांपुढे दोन पोती घट्ट सरकवली. दव पडलं होतं, पोती गार लागत होती.

चाकं जमिनीवर असतानाच पान्यात लांब पाईप घालून मागच्या चाकांच्या मधले मोठे नट ढिले केले. मग गाडीची मागची बाजू जॅकने उचलली, खाली टेकू म्हणून दोन लोखंडी घोड्या दिल्या, मागची चाकं काढली. आता जमिनीला टेकलेली फक्त पुढची दोन चाकं. गाडी गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला होता. पण तो गिअर आणि तो ब्रेक मागच्या चाकांचा. मागची चाकं काढून ओट्याला टेकवून ठेवलेली. म्हणजे गाडीला धरणारं जगात काय होतं, तर ती दोन पोती. हे मला कळत होतं, उस्तादांना तर कळतच होतं. पण ते खाली शिरले आणि पाय बाहेर राहिले.

डावा एक्सल चहा येईपर्यंत निघाला. ग्रीसने काळा पडलेला, गोणपाटावर ठेवला तेव्हा कोपरापासून तुटलेल्या हातासारखा दिसला. मालकाने त्याचा मोबाईलवर फोटो काढला.

उजवा हटून बसला. गंज धरला होता. उस्ताद खालून त्याचं आतलं टोक धरून पडले आणि मला सांगितलं, बाहेरच्या टोकावर लाकूड ठेव आणि हातोडा मार, म्हणजे तो आत सरकेल. एव्हाना ऊन अंगणात पसरलं होतं. फरशी तापायला लागली होती.

मी पहिला घाव घातला. घावानंतर कुठेतरी बारीक आवाज आला. कुर्रर्र. वाळलं पान कुणी तुडवावं तसा.

दुसरा घाव. पुन्हा तोच आवाज. माझ्या नाकात हुळहुळलं आणि मला शिंक आली.

शिंकताना चाची आठवल्या. चाची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मोकळ्या रानात, देठ खुडायला जातात. उजाडायच्या आत निघतात. का, तर दवाने मिरची मऊ असते, वाकते. ऊन चढलं की ती हातात चुरते आणि मग ठसका. मी वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं. सकाळी चाक पोत्याला नुसतं टेकलं होतं. आता ते पोत्यात बसलं होतं, उशीत डोकं रुतावं तसं. पोत्याच्या विणीतून लाल धूळ निघत होती. आत मिरची फुटत होती, आणि फोडणारा मी होतो. माझ्या प्रत्येक घावाने गाडी हलत होती.

"मार ना," खालून उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, बाहेर या."

"क्या हुआ?"

"पोतं बसतंय. बाहेर या आधी."

"अरे, आता कुठे हललाय तो. मार दोन, मग येतो."

मी हातोडा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेलं काम मी पहिल्यांदा केलं नाही.

मालक ओट्यावरून हसत उतरला. "काय व्हयनं भो? हात दुखी ऱ्हायना का? आण इकडं."

"भाऊ, मारू नका."

"आण रे. तू काबर घाबरी ऱ्हायना?" त्याने हातोडा उचलला.

मला सगळीकडे उस्तादांचे पायच दिसत होते. मी खाली बसलो, त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. ते गुळगुळीत फरशीवरून सरकत आले, शिव्या देत आले. शर्ट वर गेला, पाठ घासली. त्यांची हनुवटी बाहेर आली आणि मालकाचा घाव पडला.

या खेपेला कुर्रर्र झालं नाही. पोतं फाटलं. गाडी फाटकाकडे एक ढुशी दिल्यासारखी सरकली, दोन्ही घोड्या कलंडल्या, आणि मागची बाजू फरशीवर आदळली. लाल धूळ उडाली. मग कुणालाच काही दिसेना. खोकला, शिंका, म्हातारीचं "अरे माय वं, अरे माय वं!" मी आंधळ्यासारखा उस्तादांचे घोटे धरूनच होतो. ते खोकले तेव्हा सोडले.

धूळ बसल्यावर फरशी फुटलेली दिसली. जिथे त्यांची छाती होती तिथेच. मालक हातोडा धरून तसाच उभा होता, त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, मिरचीचं की कशाचं सांगता येत नाही. मग म्हातारीच उठली. कुंपणाजवळ गेली आणि एक मोठा दगड पोटाशी धरून घेऊन आली. "लाव रे भाऊ," म्हणाली. "फुटू दे ती फरशी."

आम्ही पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी पुन्हा उचलली, खाली घोड्या दिल्या, शिवाय लाकडाचे ओंडके दिले. उजवा एक्सल अर्धा अडकलेला होता, तो काढावाच लागणार होता. उस्ताद ओट्यावर बसले होते. मी वाट बघत होतो. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"आज तू जा खाली," ते म्हणाले.

मी गेलो. खाली अंधार होता आणि तेलाचा वास. छातीवर सगळी गाडी. बाहेरून ते घाव घालत होते, पण त्यांचा हात तो नव्हता. हलकेच मारायचे, थांबायचे, विचारायचे, "है ना?" मी म्हणायचो, "जिंदा हूं." पुन्हा हलकासा घाव. एक्सल निघायला दुपार कलली.

घरी चाचींनी त्यांचा शर्ट धुवायला घेतला आणि शिंकल्या. "मिरचीत लोळून आलात काय?" उस्ताद "हो" म्हणाले आणि जेवायला बसले. चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं.

मला वाटलं होतं, चार दिवसांनी ते पुन्हा खाली जातील. गेले नाहीत. गाडी आली की ते आता दगड निवडतात, चारही चाकांना लावतात, पायाने ढकलून बघतात, पुन्हा बदलतात. हवामान खातं म्हणत नाहीत. खाली मी जातो. ते स्टूल टाकून माझ्या पायांपाशी बसतात. रस्त्यावरून मालमोटार गेली, कुणी शटर ओढलं, तरी "है ना?"

परवा एका जीपखाली होतो. दोन्ही हात वर अडकलेले, तोंडात बोल्ट धरलेला. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "है ना?" त्यांनी विचारलं. तोंडात बोल्ट, मला बोलता आलं नाही. पाय तरी हलवायचा, ते सुचलं नाही.

माझे दोन्ही घोटे पकडले गेले आणि मी ओढला गेलो. कपाळ खरचटलं, पाना हातातून सुटला. उजेडात आलो तेव्हा उस्ताद माझे पाय धरून जमिनीवर बसले होते, त्यांना धाप लागली होती. मी बोल्ट तोंडातून काढला.

"जिंदा हूं," म्हणालो.

त्यांनी मान हलवली. घोटे सोडले नाहीत.