फलकावरचे कागद उचलणारी मावशी

माझी मावशी कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग करायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. शेडमध्ये सगळे तिला ‘बाई’ म्हणत आणि तिच्या तोंडाला भीत.

मशीनवरचं कव्हर काढण्याआधी ती रोज कचेरीतला सूचनाफलक वाचायची. वरवर नाही. तिथले लोक जुन्या कागदावरच नवा कागद टाचतात, म्हणून ती एकेक कागद उचलून खालचाही वाचायची. शिपाई म्हणायचा, “बाई, फलकाला धाप लागेल.” ती म्हणायची, “तुम्हाला लाज वाटली तरी पुरे.”

हे सगळं गावामागच्या माळासाठी. माळ सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. तिथे तळं होतं, शेळ्या चरायच्या, पोरं सायकल शिकायची. मीही तिथेच गुडघे फोडून घेतले. तो कुणाला द्यायचा झाला तर आधी फलकावर नोटीस लावावी लागते आणि तीस दिवसांत हरकत घ्यावी लागते. अकरा वर्षांत मावशीने अशा तीन नोटिसा पकडल्या. हरकत स्वतः टाइप करायची, सह्यांसाठी दारोदार फिरायची आणि सुनावणीला कचेरीत पाय ठेवायला जागा उरणार नाही इतकी माणसं न्यायची. तिन्ही वेळा माळ वाचला.

मग मला जुळी झाली. आई नव्हती, नवऱ्याची नोकरी फिरतीची. मी मावशीला फोन केला.

“अगं, इथलं कोण बघेल?” ती म्हणाली.

मी चिडले. “माळ काय पळून जातोय? मला दोन महिने दे.”

ती आली. माळासाठी गावाने केलेल्या समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे औषधवाल्या काकांना, फलक बघायला सांगून आली. काका भला माणूस. दर सोमवारी जायचे, चष्मा लावून फलक नीट वाचायचे. पण वरचेच कागद. खालचे उचलायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नोटीस एका टेंडरखाली तीस दिवस टाचलेली होती.

मावशी परतली तेव्हा माळावर खांब रोवत होते. गोदामांसाठी जागा गेली होती. मुदत टळल्यावर हरकत कोण घेणार?

मी फोनवर रडले. म्हटलं, “मावशी, माझ्यामुळे गेलं.”

“तुझ्यामुळे कशाला? अकरा वर्षं मीच वाचत बसले. फलकापाशी एकालाही बरोबर नेलं नाही.” मग म्हणाली, “धाकटी दूध पिते का नीट?”

तिने मला एका शब्दाने जरी बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याला सहा वर्षं झाली. सुट्टीत मी मुलींना घेऊन तिच्याकडे जाते. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. सकाळी आम्ही फलकापाशी उभ्या राहतो. कागद ती उचलते, वाचते मी. मुली विचारतात, आजी काय शोधते? मी म्हणते, सवय आहे तिची.

परवा मुलींना सायकल शिकायची होती. माळ कुठे पळाला नाही, आहे तिथेच आहे, कुंपणाच्या आत. मी त्यांना रस्त्याच्या कडेला शिकवलं, एक हात सीटवर आणि एक डोळा ट्रककडे ठेवून.