सोपाननं सारवलेली जमीन

अंथुर्ण्यात सरुबाईचं घर दोन खणांचं होतं. चार दिवस सारवण चुकलं की जमिनीचे पोपडे निघत आणि रांगत्या लेकराचे गुडघे सोलत. पण सरुबाई पहाटेपासून वांग्याच्या रानात राबायची, बाजारच्या दिवशी पाटी घेऊन इंदापूरला जायची. तिला सवड कुठली?

एका सकाळी ती रानातून आली, तर सासू धोंडाबाई म्हणाली, "हिराला शाळंतनं काढ. नऊ वर्सांची झाली, सारवंल ती."

"हिरा शाळंतच जाईल."

"मग सारवायचं कुणी?"

सरुबाईनं शेणाची बादली उचलून नवऱ्यापुढं ठेवली. सोपान नुकताच पिकाला पाणी देऊन आला होता.

"दमलो दोघंबी, आन् पोरंबी दोघांचीच हायती. आज तुमी सारवा, मी भाकरी थापते."

सोपाननं आईकडं बघितलं, मग धोतर खोचून खाली बसला. थोडी जमीन सारवून झाली, तेवढ्यात शेजारचे महिपतीआबा दारात येऊन हसायला लागले.

"सोपाना, बांगड्याबी भर की."

सोपानचा हात थांबला. सरुबाई चुलीपासून उठून उंबऱ्याशी आली.

"आबा, हसायचं तर बाहेरनं हसा. जमीन ओली हाय. पाय उमटलं तर तुमालाच सारवाय लागंल."

आबा आल्या पावली परत गेले. सोपाननं पुन्हा शेणात हात घातला.

सारवण जाडंभरडं झालं, कोपरे तसेच राहिले.

"वरनं हात तरी फिरव," सासू सरुबाईला म्हणाली.

"पुढच्या खेपंला नीट करतील," म्हणत सरुबाईनं हिराची वेणी घालायला घेतली.