कपाळावरची नक्षी

आमच्या घरात गाणं म्हणजे शब्द. बाबा गायनपार्टीत पेटी वाजवायचे. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नाला पार्टी उभी राहिली, की बाबांची एकच काळजी असायची, शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. ढोलकी जरा चढली की ते मानेनेच खूण करून तिला खाली आणायचे. एरवी ते कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. पण त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. पूर्वी दिवाळीला सुरू झालेली जिनिंग उन्हाळ्यापर्यंत धडधडायची, आता संक्रांत झाली की पंधरा दिवसांत फाटकाला कुलूप. मग बाबा घरी आणि पेटीही घरी. माय म्हणायची, "जिन बंद पडली का पेटी चालू."

मी तेव्हा बोरी अरबहून दारव्ह्याला कॉलेजात जायची. मामाने त्याचा जुना वॉकमन मला देऊन टाकला होता. त्याच्यावर लाल बटण होतं, ते दाबलं की आवाज भरताही यायचा. दारव्ह्याच्या स्टँडसमोर एक कॅसेटवाला बसे. त्याच्याकडून मी सिनेमाची गाणी भरून घेतली, तर कॅसेटच्या शेवटी आधीचं काहीतरी उरलेलं निघालं. नुसती गिटार. मी वाट पाहत राहिले, आता कुणी गायला लागेल, मग लागेल. कुणी गायलंच नाही. कॅसेट खाडकन थांबली. मी ती मागे घेऊन पुन्हा ऐकली. शब्द नसताना कुणी आपल्याशी बोलू शकतं, हे मला अठराव्या वर्षी एसटीत कळलं.

त्याच एसटीत बंजाऱ्यांच्या तांड्याच्या फाट्यावर एक म्हातारी चढायची. हातात कोपरापर्यंत पांढरे चुडे, आरसे लावलेला घागरा, टोपल्यात गवारीच्या शेंगा. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. एकदा ती माझ्याशेजारी बसली आणि बराच वेळ माझ्या कानाकडे पाहत राहिली.

"काय ऐकून राह्यली वं?"

मी एक इअरफोन तिच्या कानात बसवून दिला. तिने डोळे मिटले.

"यात कोनी म्हनून नाही राह्यलं," ती म्हणाली.

"नाही. नुसतंच वाजते."

"बरं हाय. आपलं आपन म्हना."

त्यानंतर ती माझ्यासाठी जागा धरू लागली. तिचा पदर डोक्यावर असे आणि कपाळावर येणाऱ्या भागाला एक पट्टी शिवलेली असे. तिच्यावर बारीक टाके, आरसे, कवड्या. तिला घुंगटो म्हणतात. मी कॉलेजातल्या मुलींचे ड्रेस पाहून मायच्या मशीनवर तसेच शिवायची, मासिकांतली चित्रं कापून ठेवायची. पण हे असलं काम कुठल्याच चित्रात नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी याडीने टोपल्यातून एक जुनी पट्टी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. सून घालत नाही. जीपवाले येऊन राह्यले, जुनं जुनं घेऊन जातात. त्याहीले द्याच्यापेक्षा तुले देतो."

ते जीपवाले मीही पाहिले होते. कापूस हातचा गेला, की ते तांड्यावर फिरायचे आणि पेट्यांतले घागरे, काचळ्या म्हणजे चोळ्या गाठोड्यात बांधून न्यायचे.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी काळा सलवार-कुर्ता शिवला. पट्टी मधोमध कापली आणि दोन तुकडे सलवारीच्या मोहऱ्यांना लावले. चालताना आरसे चमकायचे. मुली खाली वाकून वाकून पाहत होत्या. इंग्रजीच्या मॅडमनी तर मला स्टाफरूममध्ये बोलावून गोल फिरायला लावलं. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला काहीतरी येतं.

तोच ड्रेस घालून मी संध्याकाळच्या एसटीत चढले. याडी आधीच बसलेली होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी इअरफोन पुढे केला, तिने मान हलवली. तिचा फाटा आला तेव्हा टोपलं उचलून फक्त एवढं म्हणाली, "ते डोक्यावरचं होय, बाई."

घरी येऊन मी मायला सांगितलं. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग इथं काहून बसली? जा, तिले सांगून ये." रविवारी मी दोन्ही तुकडे उसवून, धुऊन, कागदात गुंडाळून तांड्यावर गेले. वाटेत काय बोलायचं ते घोकत होते. याडी अंगणात तूर पाखडत होती. मी कागद पुढे केला.

"चुकलं माझं, याडी."

तिने तुकडे उलगडले, कापलेली कड बोटाने चाचपली.

"राग नाही आला मले," ती म्हणाली. "पन कापलं कायले वं? माह्या मायनं शिवलेलं होतं."

हे तिने मला देताना सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मला रडू आलं. ती मात्र सूप बाजूला ठेवून आत गेली, सुई-दोरा घेऊन आली आणि म्हणाली, "बस. आता तूच जोड."

जोडायला सात-आठ रविवार लागले. ती टाका घालून दाखवायची, मी घालायची, ती उसवायची. बदल्यात तिला वॉकमन हवा असे. एका दुपारी कॅसेट संपली, तेव्हा तीच आपल्या तंद्रीत लेंगी म्हणू लागली. होळीत त्यांच्याकडे म्हणतात ते गाणं. मी हळूच कॅसेट उलटी घालून लाल बटण दाबलं. संपल्यावर तिला सांगितलं आणि ऐकवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचा आवाज ऐकत होती. आधी ती दचकली. मग तिने दोन्ही हातांनी इअरफोन कानांवर दाबून धरले.

"ही कोन होय?"

"तूच."

"खोटं नको सांगू," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "लय कडक आवाज हाय बाईचा."

तिला विचारून मी ती कॅसेट घरी नेली. बाबांनी ऐकली. एक शब्द त्यांना समजला नाही, तरी ते तासभर पेटीवर ती चाल शोधत बसले. एक जागा सापडेना. पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की खाली पडे, काळ्यावर ठेवलं की वर जाई. शेवटी त्यांनी भाता बंद केला. "पेटीत नाही मावत हे," ते म्हणाले आणि मला पुन्हा लावायला सांगितलं.

उन्हाळ्यात याडीची सून आमच्या घरी आली. ती नेहमी नायलॉनची साडी नेसायची, सासूच्या कपड्यांची तिला लाज वाटायची. तिला भावाच्या लग्नासाठी ब्लाउज शिवून हवा होता, मागून खोल गळ्याचा. माप देऊन झाल्यावर दारात थांबली.

"मांगं गळ्याखाली दोन-चार आरसे लावता येतील का? सिरियलीत पाह्यले म्या. पन बुढीले सांगू नको."

मी लावले. लग्नाहून आल्यावर बुढीने ते पाहिलेच. सुनेला तिने अंगणात पाठमोरी बसवली आणि मला निरोप पाठवला. मी धावत गेले तर ती चष्मा लावून आरशांभोवतीचा एकेक टाका तपासत होती.

"तीन बरे हाय," ती म्हणाली, "हा चौथा दोन धुन्यांत निघते." आणि सुनेच्या अंगावरच, ब्लाउज न काढता, तिने तो उसवून नव्याने घातला. सून हलली की तिच्या दंडावर एक चापट बसे. दोघी हसत होत्या.

पुढच्या जूनमध्ये मी नागपूरला कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करायला गेले. आज त्याच विषयावर मुलांना शिकवते. पहिल्या तासाला मी एक चिंधी हातात देते आणि सांगते, कात्री नंतर, आधी हे कुणी शिवलं ते विचारून या.