नकाशातली बोडी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की नकाशात आपल्या घरामागे दिसणारा निळा ठिपका कसला, आणि सुट्टीत आलात तर त्यात पोहता येईल का. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

ती बोडी आहे. पोंभुर्ण्याकडे धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवतात, त्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. ही शेजारच्या मावशीची, जी तुम्हाला उकडलेले शिंगाडे द्यायची. शिंगाडे त्याच पाण्यातले. पाऊस गेल्यावर तिच्या धानाला शेवटचं पाणी बोडीतूनच मिळायचं. ते मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी पाळ फुटली. एरवी ती आणि तिची सून टोपल्यांनी माती टाकून बुजवायच्या, पण या वेळी बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. मशीनच हवी होती. माती-पाणी राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सरकारची योजना आहे असं मी वाचलं होतं, म्हणून तिला घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले.

तिथले साहेब सभ्य होते. दोघींनाही खुर्ची दिली.

"मॅडम, यादीत बोडी नाहीच. इंग्रजीत काय म्हणतात बोडीला?"

"टँक," मी म्हणाले.

"टँक म्हणजे मोठा तलाव. त्याची दुरुस्ती होते, पण तो सातबाऱ्यावर नोंदलेला लागतो." मावशीच्या सातबाऱ्यावर त्या जागी 'पोटखराब' लिहिलं होतं, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन.

"निरुपयोगी?" मावशी म्हणाली. "साहेब, तुमी भात खाता, तो कोनाच्या पान्यावर पिकते?"

"मावशी, मी पोळी खातो," साहेब हसून म्हणाले.

मग त्यांनी 'पाँड' सुचवलं. पाँड म्हणजे शेततळं, पण ते नवंच खोदावं लागतं. जुन्या जागीच नवं म्हणून खोदा, मी म्हटलं. त्यांनी नकाशा उघडला. उपग्रहाचा जुना फोटो होता, आणि त्यात तुम्ही पाहिलात तोच निळा ठिपका.

"इथे तर पाणी आहे. सिस्टीम घेणार नाही."

"त्याच पान्यातून मी सकाळी चालत आली," मावशी म्हणाली. "चप्पल बी ओली नाई झाली."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, वरून दिसते अन् खालून नाई दिसत. देवावानी झाली माही बोडी."

मी वरच्या कार्यालयाला चांगल्या इंग्रजीत सविस्तर लिहिलं, फोटो जोडले. आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी पाठवला आहे, असं उत्तर आलं. तो त्याच साहेबांकडे पाठवला होता. त्यांनी आपणहून फोन केला.

"मॅडम, नवीन फोटो आला की निळं जाईल. मग अर्ज बसतो."

"कधी येईल?"

"ते आपल्या हातात नसतं."

गेल्या आश्विनात धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि पाऊस थांबला. मावशी रोज बांधावर उभी राहायची. मीही जायची. लोंब्या हिरव्या, उभ्या, आणि हातात घेतल्या तर पोचट. शेवटी एका सकाळी तिने बैल आणले आणि धानात सोडले. बैल आत जाईनात. जन्मभर त्यांना तिथून हाकललेलं होतं. तिने लोंब्यांची मूठ उपटून त्यांच्या तोंडापुढे धरली, तेव्हा कुठे ते बांध उतरले.

त्यानंतर ती सुनेला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेली. बैल विकले. घराची किल्ली माझ्याकडे आहे. गाडीत बसताना तिने एवढंच सांगितलं, "बाई, निळं गेलं का ते पाहून सांगजा."

मी पाहते. सकाळचा चहा झाला की फोनवर नकाशा उघडते. ठिपका आहे तसाच, काठोकाठ भरलेला, निळा. तिचा फोन येतो तेव्हा मी "अजून नाही" म्हणते आणि ती "बरं" म्हणते.

पोहण्याचं विचारलंत. तिथे आता बेशरमाची रानटी झुडपं वाढली आहेत, तुमच्या खांद्याला लागतील एवढी.